काई करत नाई ते!

भोकरमध्ये कुत्रं एकटं कधी अंगावर येत नाही. त्याच्या पाठोपाठ ओट्यावरून, गेटाआडून नाहीतर पत्र्याच्या शेडमधून एक आवाज येतोच, "काई करत नाई ते!" त्या वेळी कुत्र्याचे दात आणि आपली पोटरी यांच्यात वीतभर अंतर उरलेलं असतं, मानेवरचे केस उभे राहिलेले असतात (कुत्र्याचेही आणि आपलेही), आणि मालक मात्र तोंडातली सुपारी न थांबवता हे प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. आपण दोन पावलं मागं सरकलो की दुसरं कलम वाचलं जातं, "तुमी भिऊ नका हो, भिणाऱ्यालाच धरतंय ते." पहिल्या वाक्यात जे काहीच करत नव्हतं ते दुसऱ्या वाक्यात धरू लागलं, आणि तेही आपल्याच दोषामुळं. प्रत्यक्ष चावून झालं की तिसरं वाक्य येतं, "आजपस्तोर कुणालाच चावलं नव्हतं बघा!" या वाक्यात आश्चर्य असतं, कुत्र्याबद्दल माया असते आणि आपल्याबद्दल बारीकसा संशय असतो. एवढी माणसं या दारावरून गेली. तुमच्यातच असं काय दिसलं त्याला?

ही तीन वाक्यं ऐकत ऐकत माझं असं मत झालं आहे की कुत्रं हे अतिशय कायद्यानं वागणारं जनावर आहे. ते आधी नोटीस देतं, मग स्मरणपत्र देतं आणि मगच कारवाई करतं. बेभरवशाचा असतो तो माणूस. चावण्याआधी आणि चावल्यानंतर तर फारच.

भोकर हे वाटेवरचं गाव. कल्याणहून निघालेला महामार्ग नांदेडवरून इथं येतो आणि पुढं म्हैशावरून निर्मलला जातो. एक रस्ता हिमायतनगर-किनवटवरून माहूरकडं वळतो. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे आहे. माणसं येतात, चहा पितात, जातात. कायमचे रहिवासी म्हणजे कुत्री. त्यांनी गावाची प्रभागरचना स्वतःच केलेली आहे, ती वर्षानुवर्षं बदललेली नाही आणि तिच्यावर हरकती मागवल्या जात नाहीत. बसस्थानकाची टोळी वेगळी. ती बाकड्याखाली झोपते, कुणाच्या अध्यात नसते. एसटीत चढणाऱ्याच्या पिशवीत शेवचिवडा आहे की नुसती मेथी, एवढं हुंगून घेते. मोंढ्यातली टोळी दिवसा आळशी आणि रात्री कर्तव्यदक्ष. सोयाबीनच्या पोत्यांजवळून अनोळखी माणूस गेला की तो चोर, ओळखीचा हमाल गेला की तो साव, मग त्याच्या पाठीवर पोतं कुणाचंही असो. मटणाच्या दुकानांपुढची टोळी सगळ्यात शिस्तीची. सकाळपासून अर्धगोल करून बसते. सुरा ठोकळ्यावर पडला की सगळ्या माना एकदम वर होतात आणि काही खाली पडलं नाही की एकदम खाली. आणि मंगल कार्यालयामागची ही गावातली सुखवस्तू मंडळी. लग्नसराईत त्यांचं पोट सुटतं, चातुर्मासात ती वाळतात, आणि त्या उपासात त्यांचा स्वभाव बिघडतो. यात विनोद थोडा आहे. उष्टं-खरकटं जिथं उघड्यावर पडतं तिथं टोळी जमते, आणि जमलेली टोळी भुकेली राहिली की येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते. कार्यालयाच्या भाड्यात खरकटं उचलण्याचे पैसे वेगळे लावतात. ते नेमके कुठं जातात हे त्या टोळीला चांगलं माहीत आहे.

आपलं आणि कुत्र्याचं नातं देवघरापासून सुरू होतं, हीच खरी गुंतागुंत. माहूर आमच्याच जिल्ह्यात. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद, असं लहानपणीच सांगितलेलं असतं. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोडे, गाढवं, उंट तर येतातच, श्वानांचंही प्रदर्शन असतं. आणि वाघ्या म्हणजे तर स्वतःला खंडोबाचं कुत्रं म्हणवणारा भक्त. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कुत्र्यानं पोळी पळवली आणि हे तुपाची वाटी घेऊन मागं धावले, देवा, कोरडी खाऊ नका म्हणून. गोष्ट फार सुंदर आहे. तिचं अनुकरण मात्र करू नये. तोंडात घास धरलेल्या कुत्र्याच्या मागं धावणं हा चावून घेण्याचा हमखास उपाय आहे, कारण आपण त्याला पांडुरंग समजतोय हे त्याला माहीत नसतं. ते आपल्याला पोळीचा वाटेकरी समजतं. नामदेवांचा अधिकार वेगळा होता.

आम्हा बाकीच्यांचा अधिकार शनिवारपुरता. साडेसाती चालू असेल तर काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालावी असं ज्योतिषी सांगतात. त्यामुळं आमच्याकडच्या काळ्या कुत्र्यांचा शनिवार फार धावपळीचा जातो. तांबड्या कुत्र्यांना ग्रहगणितात काही स्थान नाही, ती लांबून बघत बसतात. एका काळ्यानं एकदा पोट टम्म झाल्यावर पुढची पोळी हुंगून सोडून दिली, तेव्हा ती घालणारे गृहस्थ एवढे हवालदिल झाले की त्यांनी ती त्याच्या तोंडात कोंबायला घेतली. त्यांची साडेसाती तिथून खऱ्या अर्थानं सुरू झाली. खात असलेल्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला हात लावू नये, हे तीन नियम शनिवारीही लागू असतात.

रविवारी त्याच कुत्र्याला दगड बसतो. कुत्रं हाकलायचं आमचं शास्त्र एकच, खाली वाकायचं. दगड उचलायचीही गरज नाही. गावठी कुत्र्याला पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवानं वाकण्याचा अर्थ कळतो आणि ते चार पावलं मागं जातं. पण मधल्या काळात गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले, कडेला पेव्हर ब्लॉक बसले आणि दगड संपले. आता माणूस वाकतो, जमिनीवरून हात फिरवतो, काहीच लागत नाही, आणि रिकामी मूठ वळून कसनुसा उभा राहतो. ही बातमी अजून कुत्र्यांपर्यंत पोचलेली नाही. पोचेल तो दिवस गावाला जड जाईल. शिवाय कुत्रं मुळातच चिडलेलं असेल तर वाकण्यानं आपलं नाक आयतंच त्याच्या दातांच्या उंचीला येतं. आणि दगड खरंच बसला तर कुत्रं तो विसरत नाही. पुढं त्याला दगड मारणाराच सापडला पाहिजे असं नाही. तसल्याच चालीचा, तसलीच पिशवी घेतलेला दुसरा कुणी चालतो.

कुत्र्याची नोटीस वाचायला शिकलेलं बरं. शेपूट हलवतंय म्हणजे खूश आहे, ही आपली सार्वजनिक समजूत. शेपूट सैल असेल, कमरेसकट सगळं अंग लवत असेल, तर ते खरंही आहे. पण शेपूट वर ताठ, टोक तेवढं थरथरतंय, अंग आखडलेलं, भार पुढच्या पायांवर, नजर खिळलेली आणि ओठाची एक कड वर चढलेली, हे लक्षण आनंदाचं नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणून आपण पिढ्यान्पिढ्या नाक मुरडलं. ते ताठ झालं की काय करायचं हे कुणी सांगून ठेवलं नाही. भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही दुसरी म्हण. तिच्यात तथ्य आहे. भुंकणं आणि चावणं या दोन्ही कामांना तोंड एकच असल्यामुळं एका वेळी एकच काम होतं. दोन कामांच्या मधे किती वेळ जातो, याबद्दल म्हण गप्प आहे. भुंकणारं कुत्रं बहुतेक वेळा "लांब राहा" एवढंच सांगत असतं. भुंकता भुंकता एकाएकी गप्प होऊन थिजलेल्या कुत्र्याला जास्त मान द्यावा. त्याच्या डोळ्याला डोळा लावू नये. मोंढ्यात भाव ठरवताना ते शोभतं. कुत्र्याच्या हिशेबी ते कुस्तीचं आमंत्रण असतं.

हे सगळं ज्ञान पहिल्या गुरगुरण्याला डोक्यातून निघून जातं आणि माणूस पळतो. उसेन बोल्टनं ताशी 44 किलोमीटरचा वेग गाठला होता, पण तो बर्लिनच्या मैदानात, खिळ्यांचे बूट घालून, एका हातानं धोतराचा सोगा न सावरता. साधं गावठी कुत्रं रात्रीचं उपाशी असलं तरी ताशी तीस किलोमीटरच्या पुढं सहज जातं. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ पश्मी आणि कारवान कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. ती लांब टांगांची जात तर सशामागं धावण्यासाठीच जोपासलेली. तेव्हा शर्यतीचा विचारच सोडा. पळणारी वस्तू ही पाठलागासाठीच असते, एवढंच कुत्र्याला कळतं. तुम्ही पळालात की त्याला आपलं म्हणणं पटवून दिल्यासारखं होतं. उभं राहायचं, जरासं तिरकं. हात अंगाशी. पिशवी, छत्री, वही, जे असेल ते दोघांच्या मधे धरायचं. आवाज चढवायचा तर एकदाच आणि जरबेनं. किंकाळी फोडायची नाही. मग पाठ न दाखवता हळूहळू मागं. पडलातच तर गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हायचं, दोन्ही हात मानेवर आणि कानांवर.

पोरांना सांगताना "झाड हो" असं सांगतात. हे सोपं आहे आणि उपयोगी आहे. कुत्र्याचं झाडाशी जे पारंपरिक नातं आहे ते बघता एक बारीक धोका उरतो, पण तो धुऊन निघतो. पोरांच्या बाबतीत मात्र थट्टा इथंच थांबवायला हवी. मोठ्या माणसाची पोटरी जिथं असते तिथं पोराचं तोंड असतं, आणि तोंडावरचा-मानेवरचा चावा जास्त घातक, कारण तिथून मेंदू जवळ. त्यातून पोरं सांगत नाहीत. "कुत्र्याला कशाला छेडलास?" म्हणून दोन धपाटे मिळतील या भीतीनं ओरखडा पँटच्या आत लपवतात. घरात एवढं एक वाक्य पोरांच्या कानावर असू द्या, कुत्रं चावलं तर मार बसणार नाही.

मोटारसायकलवाल्यांची वेगळीच कसरत. कुत्रं मागं लागलं की हा दोन्ही पाय उचलून पेट्रोलच्या टाकीवर घेतो, गाडी वाढवतो आणि मान वळवून मागं बघतो. म्हणजे पाय ब्रेकवर नाही, डोळे रस्त्यावर नाहीत आणि वेग वाढलेला. पुढं खड्डा असतोच. माणूस पडला की कुत्रं थांबतं, एकदा माणसाकडं बघतं, एकदा अजून फिरणाऱ्या चाकाकडं, आणि परत जातं. त्याचं भांडण गाडीशी होतं. अशा प्रसंगी दात लागलेलेच नसतात. कोपर, गुडघा आणि हनुवटी मात्र सोललेली. गाडी हळू करावी, अगदी थांबवावी. पळणारं काही उरलं नाही की पाठलागाला अर्थ उरत नाही, आणि बहुतेक कुत्री ओशाळून माघारी फिरतात.

वर्षाचा हिशेबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भाद्रपद हा महिना कुत्र्यांच्या नावावर आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तेव्हा चौकाचौकात टोळ्यांच्या मारामाऱ्या चालू असतात आणि मधून जाणारा विनाकारण चावला जातो. त्यानंतर सुमारे 63 दिवसांनी पिल्लं होतात. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, थंडी पडू लागली की ट्रॉलीखाली, नालीच्या पायपात, बांधकामाच्या वाळूत आई पिल्लं घेऊन बसलेली असते. काल पायात घुटमळणारी ही गरीब कुत्री आज ओळख दाखवत नाही. पिल्लं गोड दिसतात, पोरगं हात घालतं, आणि पुढचं आईकडून होतं.

आता आमच्या गावचा जाहीर उपाय. संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून जा, दारोदार पायरीवर लाल पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या मांडलेल्या दिसतील. कुणी कुंकू कालवतं, कुणी रंग. काहींच्या दारात निळीचं पाणी. बाटली दिसली की कुत्रं दारात घाण करत नाही, अशी श्रद्धा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग बरा दिसतो. लाल त्याला काळपट, मळकट दिसतो. म्हणजे लाल बाटलीपुढं उभ्या राहिलेल्या कुत्र्याला गढूळ पाण्याची बाटली दिसत असणार, आणि ती बघितली की त्याला नेमकी कशाची आठवण होते हे आमच्या शेजाऱ्यांच्या पायरीवर रोज सकाळी सिद्ध होतं. तरी बाटली हटत नाही. "नसती तर याहून जास्त केली असती," असं शेजारच्या काकू म्हणतात. यावर उत्तर नाही.

बाटलीच्या वर पाटी असते, "कुत्र्यापासून सावध राहा". ज्या घरावर पाटी आहे तिथलं कुत्रं बहुधा कधीच वारलेलं असतं, आणि ज्या घरात खरोखरीचं अंगावर येणारं आहे तिथं पाटीऐवजी "सुस्वागतम" असतं. पाटी लावली की आपली जबाबदारी संपली असं मालकांना वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला धोका होणार नाही याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आधीच्या दंडविधानात हा दंड एक हजार होता. तेव्हा "काई करत नाई ते" हे वाक्य पाचपट महाग झालेलं आहे, याची मालकवर्गानं नोंद घ्यावी.

मोकाट कुत्र्यांचा मालक कोण, या प्रश्नाला मात्र सगळा देश गुंतला आहे. भांडण जुनं आहे. जून 1832 मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारायची सरकारी मोहीम निघाली, मारेल त्याला कुत्र्यामागं बक्षीस. पारशी समाजानं दुकानं बंद केली आणि दंगल पेटली. आता मारायला कायद्यानं बंदी आहे. 2023 च्या नियमांप्रमाणं पकडायचं, नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. कानाला तिकोनी खाच दिसली की त्या कुत्र्याची नसबंदी झाली असं समजावं. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2025 ला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. 22 ऑगस्टला मोठ्या पीठानं ते बदलून, लस टोचून मूळ जागी सोडा, पिसाळलेलं किंवा अंगावर जाणारं तेवढं सोडू नका, असं सांगितलं. 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांतून कुत्री हलवा, परत तिथं सोडू नका, असा हुकूम झाला. बसस्थानक म्हटल्यावर मला आमच्या बाकड्याखालच्या मंडळींची काळजी वाटली. दिल्लीत निकाल लागला त्या दिवशी ती चौकशी खिडकीपाशी उन्हाला पसरलेली होती.

हलवा म्हणणं सोपं. आमच्याकडं ते काम पूर्वापार रात्री टेम्पोनं होतं असा प्रत्येक गावाचा शेजारच्या गावावर आरोप असतो, आणि शेजारच्या गावाचाही हाच आरोप असल्यामुळं कुत्र्यांची एकूण संख्या तशीच राहते. नव्या हद्दीत टाकलेलं कुत्रं बावरतं, तिथल्या टोळीशी भांडतं, आणि मधे सापडतो तो माणूस. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी तर डिसेंबर 2021 मध्ये हा बंदोबस्त वानरांनीच हाती घेतला होता. ती कुत्र्यांची पिल्लं उचलून घरांवर, झाडांवर नेत आणि पिल्लं वरून पडून मरत. टोळीयुद्ध म्हणून ही बातमी जगभर गेली. शेवटी वन विभागानं पिंजऱ्यात घातली ती दोन वानरं. कुत्री जागच्या जागी राहिली.

तर, चावलं. देशात 2024 या एका वर्षात कुत्रं चावल्याच्या 37 लाखांहून जास्त नोंदी झाल्या, त्यात आपलीही एक. आता कुत्रं बाजूला होतं आणि माणूस पुढं येतो. पाच मिनिटांत गल्ली जमते. एक जण म्हणतो चटणी भरा जखमेत, म्हणजे विष जळतं. दुसरा चुना आणतो, तिसरा हळद, चौथ्याच्या हातात तंबाखू आधीच मळलेली असते. कुणी जाणती म्हातारी सात विहिरींत डोकावून यायला सांगते. भोकर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाणी असलेल्या सात विहिरी शोधायच्या तर माणूस तेलंगणात पोचेल, आणि तोवर मोलाचा वेळ गेलेला असेल. चटणी आणि चुना यांनी एकच होतं, जखम आणखी चिडते आणि विषाणू आत सारला जातो. खरं औषध न्हाणीघरात पडलेलं असतं, दहा रुपयांची साबणाची वडी. रेबीजच्या विषाणूला बाहेरून चरबीचं वेष्टण असतं आणि साबण ते फोडतो. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण 15 मिनिटं. नळाला पाणी आलेलं नसेल तर तांब्यानं ओता. नुसता दात लागून खरचटलं असलं, नखाचा ओरखडा असला, तरीही. घट्ट पट्टी बांधायची नाही, टाके घालायची घाई करायची नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

इथं अजून एक भूत आडवं येतं. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं. ज्या आजोबांनी ती घेतली त्यांनी तीन पिढ्यांना ती सांगितली, आणि त्या वर्णनानं जितकी माणसं दवाखान्यापासून लांब राहिली तितकी कशानंच राहिली नसतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. देशात ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता सुई दंडात. लसीची सुरुवात त्याहून जुनी. 6 जुलै 1885 ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं पिसाळलेल्या कुत्र्यानं फाडलेल्या जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिली मात्रा देववली, आणि पोरगं जगलं.

आता तक्रार फक्त मोजणीची. नातवाला घेऊन आलेल्या एका आजीला सिस्टरनं सांगितलं, "आज शून्य. मग तीन, सात आणि अठ्ठावीस."

"आज सुई दिलीस की नाई माय?"

"दिली की."

"मग शून्य कसं? एक मन."

"आज्जी, शून्यच असतंय ते."

"म्हंजे ही फुकट गेली का पोराची?"

शेवटी सिस्टरनं केस पेपरावर चारही तारखा लिहिल्या आणि आजीनं तो बटव्यात घडी घालून ठेवला. चामडीत देतात तेव्हा हे असं. स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवसाची एक सुई वाढते. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती सिरम भरावं लागतं. ते मिळेपर्यंत डॉक्टरांच्या मागं लागणं हे रुग्णाचं काम आहे.

कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. लस लगेच सुरू करायची, नजर वेगळी ठेवायची. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजतात. पुढच्या सुयांचं काय ते डॉक्टर ठरवतात, आपण नाही. आमच्या गल्लीतल्या एका किराणा दुकानदारानं ही नजर फारच मनावर घेतली. ज्यानं चावा घेतला त्याच्या तब्येतीची तो दोन वेळा चौकशी करू लागला. कुत्रं शिंकलं तरी याच्या पोटात गोळा. त्यानं ते उपाशी मरू नये म्हणून पारले-जीचे पुडे फोडले, थंडी वाजू नये म्हणून पोतं अंथरलं. मधे एक दिवस ते दिसेना, तर दुकान बायकोवर टाकून हा गावभर हिंडला. ते मंगल कार्यालयामागं जिलबी खाताना सापडलं तेव्हा त्याला गहिवरून आलं. दहा दिवस संपले. कुत्रं जगलं, चांगलं बाळसं धरून जगलं, आणि आता दुकानाच्या पायरीवरच असतं. गिऱ्हाईक बिचकलं की शेठजी काट्यावरून मान वर न करता म्हणतात, "या की हो, काई करत नाई ते."

एवढ्यावरही कुणी सुया अर्धवट सोडतंच. पहिली घेतात, दुसरी घेतात, जखमेवर खपली धरली की तिसऱ्या तारखेला शेतात फवारणी निघते आणि अठ्ठाविसाव्या दिवशी कुणाचं तरी लग्न. रेबीजची लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, कधी त्याहून उशिरा, आणि दिसू लागल्यावर माणसाला वाचवेल असं भरवशाचं औषध जगात अजून नाही. लस मात्र सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. केस पेपर सांभाळून ठेवा आणि त्यावरची शेवटची तारीख लग्नपत्रिकेच्या शेजारी भिंतीला लावा.